सुरक्षा ठेक्यावर, पण जबाबदारी कोणाची?

कारखान्यातील सुरक्षेचे आणि आरोग्य तपासणीचे काम अनेक मालक बाहेरच्या एजन्सीला देतात. आपल्या घरातला माणूस ज्या मशीनवर उभा राहतो, तिथली ही गोष्ट आहे. म्हणून घरातल्या सर्वांनीच ती समजून घेतली पाहिजे.

मालक हे कसे ठरवतो? आधी तो माणसे मोजतो. 1948 च्या कारखाने कायद्यात 1000 कामगार असले की सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही अट 500 वर आली. धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 वर. त्याहून लहान कारखान्याला कायमचा अधिकारी परवडत नाही. दुसरे, काम रोजचे की कधीमधीचे हे तो पाहतो. हवेतली धूळ, यंत्रांचा आवाज, कामगाराचे कान तपासायला महागडी उपकरणे आणि जाणकार माणूस लागतो. असे काम बाहेरून करून घेण्यात गैर काही नाही.

तिसरा हिशोब मात्र निव्वळ पैशाचा. पगारी माणूस काढायचा आणि ठेका द्यायचा! खरा धोका इथे आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्याला कोणत्या मशीनचे गार्ड सैल आहे हे कसे कळणार? आणि ज्याचा ठेका मालकाच्या मर्जीवर चालतो, तो कडू सत्य कागदावर लिहील काय?

डिसेंबर 1984 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. वायूची टाकी थंड ठेवणारे यंत्र आधीच बंद केले होते, माणसेही कमी केली होती. मालकाने वाचवलेल्या पैशाची किंमत हजारो कुटुंबांनी जिवाने मोजली. त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत कामगारांना सुरक्षा समितीवर बरोबरीचे स्थान मिळाले.

लक्षात ठेवा, काम ठेक्याने देता येते. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी ठेक्याने देता येत नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी घरच्या माणसाला चार प्रश्न विचारा. रात्रपाळीत अपघात झाला तर धावून कोण येणार? तपासणीचा कागद तुमच्या हाती मिळतो का? ठेकेदाराच्या कामगारांचीही तपासणी होते का? सुरक्षा समितीवर आपला माणूस कोण? उत्तर मिळाले नाही, तर हेच प्रश्न युनियनच्या सभेत मांडायला सांगा.