उसाची ट्रॉली आणि चाळीस फुटी बोट

मागल्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावाहून एका वहिनींचे पत्र आले. घरची थोडी भातशेती, नारळाची वीस-पंचवीस झाडे, आणि तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली लोखंडी तळाची घरबोट. पाहुणे येतात, रात्र राहतात, वहिनींच्या हातचे वडे आणि सोलकढी खाऊन जातात, आणि कर्जाचा हप्ता कसाबसा निघतो. यंदा पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तळ खरवडायचा व रंगवायचा आहे. वहिनी लिहितात, "यांचे मामा कोल्हापूरकडे असतात. गाळप संपले की त्यांच्या उसाच्या ट्रॉल्या रिकाम्याच उभ्या. हे म्हणतात, दोन ट्रॉल्यांतून वीस टन ऊस जातो, मग आपली बोट का जाणार नाही? मला काही धीर होत नाही. तुम्हीच सांगा."

वहिनी, धीर झाला नाही ते बरेच झाले.

पहिली गोष्ट वजनाची. बोटीला काटा कुठून आणायचा, असे भाऊंना वाटेल. काटा तुमच्या दारातच आहे, तो म्हणजे पाणी. बोट जितके पाणी बाजूला सारते तितकेच तिचे वजन. तुम्ही लांबी १२ मीटर, रुंदी ४ मीटर लिहिली आहे. वारा नसेल अशा सकाळी चारही कोपऱ्यांवर पट्टी धरून बोट किती बुडली आहे ते मोजा आणि सरासरी काढा. समजा ती ४० सेंटिमीटर आली. बारा गुणिले चार गुणिले ०.४, म्हणजे १९ घनमीटर. नाळेकडचा भाग निमुळता आहे म्हणून त्यातून तीन वजा करा, राहिले सोळा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन (खाडीचे खारे पाणी किंचित जडच), तेव्हा बोट सोळा टनांची. आता तिच्यातली पाण्याची टाकी रिकामी करा. हजार लिटरची टाकी म्हणजे अख्खा एक टन! गाद्या, भांडीकुंडी, सिलिंडर, जनरेटर सगळे घरात आणून ठेवा. हे काम वहिनींच्या देखरेखीखाली झाले तर दोन दिवसांत उरकेल, भाऊंवर सोपवले तर जनरेटर तेवढा राहून जाईल.

आता उसाच्या हिशेबाकडे येऊ. वीस टन ऊस जातो हे खरे, पण तो दोन ट्रॉल्यांत वाटून जातो. बोट एकसंध. ट्रॉली फार तर पंधरा फूट लांब, बोट चाळीस. मधल्या पंधरा फुटांवर सगळा भार, आणि पुढे-मागे बारा-बारा फूट अधांतरी. पाण्यात बोटीला सगळीकडून सारखा आधार असतो. बाहेर काढताना तितकाच सारखा आधार दिला नाही तर पत्रा वाकतो, सांधे उकलतात. केरळात भाताची वाहतूक करणाऱ्या जुन्या केट्टुवल्लम होड्यांच्या घरबोटी झाल्या आहेत. त्यांच्या फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. तिथे आधार चुकला तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे लोखंडी तळाचेही लक्षात येईल.

शिवाय उंची. ट्रॉलीचा पाटा चाकांच्या वर, जमिनीपासून सुमारे मीटरभर. तो बोटीखाली घालायचा तर दीड मीटर पाणी हवे. म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाकेही पाण्यात जायची.

आणि आता खरी धोक्याची गोष्ट. सपाट डांबरी रस्त्यावर वीस टन ओढायला चारशे-पाचशे किलोचा जोर पुरतो, म्हणून पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ऊस घेऊन डुलत डुलत जातो. पण धक्क्याचा उतार आठाला एक असेल (आठ मीटर चालले की एक मीटर खाली), तर सोळा टन बोट अधिक चार टन गाडी, अशा वीस टनांचा आठवा हिस्सा, म्हणजे अडीच टन, नुसता मागे खेचत असतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास. शेवाळलेल्या ओल्या काँक्रीटवर त्याची चाके स्वतःच्या वजनाच्या निम्म्या जोरालाही धरत नाहीत. इंजिन कितीही दांडगे असो, चाक घसरले की संपले.

पंधराएक वर्षांपूर्वी एका धरणाच्या काठी मी हे डोळ्यांनी पाहिले. बोट याहून बरीच लहान होती. ती निम्मी वर आली आणि ट्रॅक्टर थांबला. चालकाने ब्रेक दाबला, चाके जागच्या जागी आवळली, आणि तशीच आवळलेली चाके घेऊन ट्रॅक्टर मागे मागे निघाला. ट्रॉलीला ब्रेक नव्हताच. पोरगा शेवटच्या क्षणी उडी मारून वाचला. ट्रॅक्टर धुराड्यापर्यंत पाण्यात गेला. त्याची आई काठावर उभी होती. ती काही बोलली नाही, खाली बसली, एवढेच मला आठवते.

मग योग्य गाडी कोणती? पाटा चाकांच्या मधोमध, जमिनीलगत असलेली. बोटीच्या लांबीच्या निदान तीन चतुर्थांश लांब. बोटीच्या आतल्या लोखंडी चौकटी जिथे आहेत नेमक्या तिथे लाकडी आडण्या बसवलेली. दोन-तीन धुऱ्यांची, सगळ्या चाकांना ब्रेक असलेली. अमेरिकेतल्या लेक पॉवेलसारख्या मोठ्या जलाशयांवर घरबोटी काढायला हायड्रॉलिक गाड्या असतात. त्या बोटीखाली जातात आणि मग त्यांचे हात वर उचलले जातात. तिथे तो रोजचा धंदा आहे. तुम्हाला वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी अशी गाडी करून घेणे म्हणजे एका लग्नासाठी मंडप विकत घेणे. ती रस्त्यावर नेता येईल, असेही समजू नका. मालवाहू वाहनाला रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे आणि तुमची बोट ४ मीटर. रस्त्याने न्यायची तर खास परवानगी काढावी लागेल. पण तळ रंगवायला रस्ता हवाच कशाला?

माझे मत विचाराल तर गाडीचा पैसा धक्क्यात घाला. ट्रॅक्टर पाण्यात नेऊच नका. जाड लोखंडी खांबांचा, बुटक्या चाकांचा पाळणा गावातल्या वेल्डरकडून करून घ्या, त्याखाली दोन रूळ टाका, आणि वरच्या बाजूला काँक्रीटच्या भक्कम ठोकळ्याला यारी बांधा. पाळण्यासह तीन टनांचा ओढ धरा. तीन पदरी कप्पी लावली की यारीवर टनभरच येतो. तारेचा दोर निदान पंधरा टनांना तुटणारा हवा. ओढताना पाळण्यामागे एक माणूस लाकडी पाचर घेऊन बाजूने चालत राहील, थेट मागे नव्हे. दोराच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही. तुटलेला दोर पाय तोडतो. चार शेजाऱ्यांच्या बोटी मिळून हा खर्च वाटून घेता आला तर उत्तमच.

यंदापुरते एवढेही जमणार नसेल तर भरतीचा उपयोग करा. उधाणाच्या भरतीला बोट वाळूवर मांडलेल्या ओंडक्यांवर आणून बसवा. पुढे भांगाच्या दिवसांत भरती तितकी चढत नाही, तेव्हा काही दिवस तळ उघडा मिळतो. मात्र आधीच्या पंधरवड्यात खुंट्या ठोकून पाणी कुठवर येते त्याच्या खुणा करून ठेवा. आणि सगळ्यात मोठे उधाण निवडू नका. पुढचे उधाण त्याहून लहान निघाले तर बोट तिथेच बसून राहील आणि पाहुण्यांचा हंगाम कोरडा जाईल.

वहिनी, चारही कोपऱ्यांची मापे आणि धक्क्याचा उतार मला लिहून पाठवा. उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरेल. आणि मामांना कळवा, ट्रॉल्या तूर्त कोल्हापुरातच असू द्या.