कापसाचा भाव हाही आपलाच प्रश्न!

कामगार बंधूंनो, मी चौथी शिकलेला साचेवाला. पण हिशेब समजतो. १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली सरकारनं परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठवली, पुढं सवलत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. नाव घेतलं गिरणी धंद्याचं, म्हणजे तुमचं-माझं! आपल्या पगारात दमडी तरी वाढली काय? अन् तिकडं कारंजा-मानोऱ्यात ऐन वेचणीच्या तोंडावर आपलाच भाऊ भावाच्या घोरात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. पण व्यापारी तो देईलच असं नाही. १ मे १९६० चं मराठी राज्य शेतकरी-कामगारांनी एकजुटीनं मिळवलं. मग आज भावाला भावाविरुद्ध काहून उभं करता? युनियनच्या मागणीपत्रात पगारवाढीखालीच लिहा : कापसाला हमीभाव!