मीटर आधी रोहित्राला, मग पोडाला

झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर घरांना कुलूप असते. माणसे कापसाच्या शेतात, घरात एखादा दिवा आणि पंखा, तोही सायंकाळी परतल्यावर लागणारा. देशभरातील वीजमीटर बदलण्याचा आराखडा या घराला काय देतो, हे तपासायला हवे.

केंद्राने जुलै 2021 मध्ये 3 लाख 3 हजार 758 कोटी रुपयांची सुधारित वितरण योजना जाहीर केली. तिच्यात 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर मार्च 2025 पर्यंत बसवायचे होते. ती मुदत हुकली. महावितरणने 2023 मध्ये सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे दिली. लोकांचा रोष वाढल्यावर जून 2024 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारे, मीटर आले. पैसे आधी भरण्याची अट गेली, स्मार्ट मीटर मात्र राहिला.

या मीटरला सरसकट विरोध करणे आम्हाला मान्य नाही. रीडिंग न घेताच पाठवलेले सरासरी बिल दुर्गम भागातल्या ग्राहकाने वर्षानुवर्षे सोसले आहे. ते थांबत असेल तर मोठा उपकार होईल. वीजगळती 12 ते 15 टक्क्यांवर आणण्याचे योजनेचे उद्दिष्टही रास्तच आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा आणि खर्चाचा.

जुलै 2025 पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील विजेवर युनिटमागे 80 पैशांची सवलत मिळू लागली. शहरात दुपारी वॉशिंग मशीन लावणाऱ्या कुटुंबाला तिचा लाभ होईल. शेतमजुराच्या घरात त्या वेळी वीज जळतच नाही. एका मीटरमागे कंत्राटाचा खर्च सुमारे 12 हजार रुपये, त्यात केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त 900 रुपये. मीटर मोफत, असे ग्राहकाला सांगितले जाते. पण उरलेली रक्कम गळती घटून भरून निघाली नाही, तर ती वीजदरातूनच वसूल होणार. म्हणजे सवलत एकाला आणि बोजा सर्वांना!

जर्मनीने हा हिशेब आधी केला. सर्व घरांना असे मीटर बसवणे छोट्या ग्राहकाला परवडत नाही, असा निष्कर्ष तिथल्या 2013 च्या अभ्यासाने काढला. म्हणून 2016 च्या कायद्याने वर्षाला 6 हजार युनिटपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्यांवरच सक्ती केली. ब्रिटनने घरोघरी मोहीम काढली. पुरवठादार कंपनी बदलताच सुरुवातीचे असंख्य मीटर साध्या मीटरसारखे झाले.

आपल्याकडेही फीडर आणि रोहित्रावरील मीटर हे पहिले काम हवे. रोहित्रातून किती वीज गेली आणि ग्राहकांच्या बिलात किती आली, हे ताडून पाहिल्याशिवाय गळती तारेत आहे की चोरीत, ते कळत नाही. त्या हिशेबाविना घरोघरी मीटर बदलत सुटणे म्हणजे भोक न शोधता टाकी रंगवणे. त्यानंतर मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यासारखे मोठे ग्राहक, मग व्यापारी आणि शहरी घरे, आणि अखेरीस मोबाइलची रेंज नीट पोहोचेल तेव्हा पोड. तिथे अॅपवरच्या आकड्यावर भागणार नाही; छापील मराठी बिल आणि ते समजावून सांगणारा लाइनमन लागेल.

राज्य वीज नियामक आयोगाने मीटरवरील खर्च आणि घटलेली गळती यांचा तालुकानिहाय ताळेबंद दरवर्षी मागवावा आणि तो जाहीर करावा. ग्राहकांनीही 2024 चा नियम लक्षात ठेवावा: रीडिंगबद्दल तक्रार केली, की पाच दिवसांत दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने वापर पडताळणे वीज कंपनीवर बंधनकारक आहे. बिल अचानक फुगले तर लेखी तक्रार करा, पोचपावती घ्या आणि दुसरा मीटर मागा.