पितळी गोळा आणि उलटे गणित

दिवाळी अंकात लंबकाचे काय काम, असे कोणी विचारील, आणि विचारणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. पण दसऱ्यापासून गोखिवऱ्याला आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी फराळाच्या यादीहून अधिक चर्चा झाली ती एका पितळी गोळ्याची. पुतणी यंदा अकरावीत आहे, आणि साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण मोजणे हा तिच्या प्रॅक्टिकलमधला मानाचा प्रयोग. ज्यांनी शास्त्र शाखेचे तोंड पाहिलेले नाही त्यांनी घाबरू नये. एक दोरा, त्याला टांगलेला गोळा, लांबी मोजायला टेप आणि वेळ मोजायला घड्याळ. एवढ्या भांडवलावर सबंध पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते ते कळते. याहून स्वस्त शास्त्र मला ठाऊक नाही.

झोका लहान असेल तर लंबकाला एका आंदोलनाला, म्हणजे जाऊन परत यायला, लागणारा वेळ गोळ्याच्या वजनावर अवलंबून नसतो. तो ठरतो दोऱ्याच्या लांबीवर आणि पृथ्वीच्या ओढीवर. लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला ३९.४८ ने गुणावे आणि एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गाने भागावे. झाले. हा ३९.४८ म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग.

पुतणीने बरोबर एक मीटरचा लंबक दाराच्या चौकटीला टांगला आणि शंभर शंभर आंदोलने पाच वेळा मोजली. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरातले सगळे पंखे बंद! बंधू उपरण्याने वारा घेत बसले होते. सरासरी आली २००.९ सेकंद, आणि उत्तर आले ९.७८.

"काका, पुस्तकात ९.८१ आहे. माझं चुकलं."

"मग पुन्हा मोज."

"तीनदा मोजलं. मैत्रिणी म्हणतात, सरळ उलटं गणित कर."

उलटे गणित म्हणजे काय, हे मला तिने समजावून सांगितले. उत्तर ९.८१ आधीच धरायचे, त्यावरून वेळ काढायची, २००.६ सेकंद, आणि ती वहीत 'निरीक्षण' या मथळ्याखाली सुवाच्य अक्षरात लिहायची. वहीवर सही लवकर मिळते. फरक तो काय, दोनशे सेकंदांत तीन दशांश सेकंदांचा! डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढा.

आता गंमत अशी की पोरीचे काही चुकलेले नव्हते. पृथ्वी आपल्या अक्षाभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, त्यामुळे तिची ओढ सगळीकडे सारखी नाही. ध्रुवांपाशी ती ९.८३ च्या आसपास, विषुववृत्तावर ९.७८. पुस्तकातला आकडा हा साधारण मधल्या, पंचेचाळीस अक्षांशाच्या मुलखाचा. १९०१ साली ९.८०६६५ ही प्रमाण किंमत ठरवली गेली, तीही तिकडचीच. वसईचा अक्षांश एकोणीस अंशांहून जरासा अधिक. तिथे हिशेबाने ९.७८६ यायला हवे. म्हणजे गोखिवऱ्याच्या दोऱ्याने गोखिवऱ्याचे उत्तर दिले होते, आणि आम्ही त्याला पॅरिसचे उत्तर दे म्हणून दटावीत होतो.

पॅरिसचे नाव उगाच घेतले नाही. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने लंबक थोडा आखूड करून ते ताळ्यावर आणले, आणि किती आखूड केला ते लिहून ठेवले. परत आल्यावर काही जाणत्यांनाही त्याच्या कामाचा संशय आला. पण पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे हे मांडताना त्याच मागे पडलेल्या घड्याळाची साक्ष काढली. रिशेने घरून नेलेला आकडा वहीत उतरवला असता तर?

आपल्या देशातही या गोळ्याने माणसे झपाटली आहेत. १८६५ पासून भारतीय सर्वेक्षण खात्यातर्फे बसेवी हा अधिकारी लंबक घेऊन हिंदुस्थानभर हिंडला. या कामाच्या ठिकाणांत आपले कुलाबाही होते. १८७१ च्या जुलैत लडाखच्या उंच पठारावर, पंधरा हजार फुटांहून वर, हेच काम करताना बसेवी वारला. राहिलेले काम हेविसाइडने पुरे केले. त्यातून असे दिसले की हिमालयाच्या एवढ्या डोंगराखाली ओढ अपेक्षेहून कमी भरते आणि समुद्रकाठी जास्त. डोंगर पोकळ की काय, अशी शंका त्या काळी घेतली गेली. पोकळ नाहीत; त्यांच्या मुळाशी हलका खडक खोलवर गेलेला आहे. हे सगळे कळले ते आकडे आवडीचे नसताना जसेच्या तसे लिहिले म्हणून.

ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचे टोलाचे घड्याळ आहे त्यांनी त्याच्या लंबकाखालचे मळसूत्र पाहावे. पॅरिसच्या ओढीला जुळवलेले घड्याळ वसईत रोज जवळजवळ पावणेदोन मिनिटे मागे पडेल. सेकंदाच्या लंबकाची लांबी तिकडे ९९.४ सेंटिमीटर, इकडे ९९.१५. मळसूत्र आहे ते या अडीच मिलिमीटरांसाठी.

पुतणीने वहीत ९.७८ च लिहिले आहे. पाचही वेळा मोजलेल्या वेळा खाली दिल्या आहेत आणि अक्षांशाची एक ओळ. सुट्टीपूर्वी वही द्यायची आहे. सहीचे काय होते ते कळेलच.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी. तळापर्यंत मोजली आणि सेंटिमीटरभर वाढली, तर उत्तर एका टक्क्याने फुगते. आणि घड्याळ सुरू करताना तोंडाने "शून्य" म्हणावे, "एक" नव्हे. "एक" म्हणून सुरुवात केलीत की तुमचे पन्नासावे आंदोलन खरे एकोणपन्नासावे असते, आणि उत्तर १०.१९ येते. आकाशकंदिलावर मात्र हा प्रयोग करू नये. त्याला वारा फार लागतो.