शिक्षा वाढवली की हात थांबतो?

समजा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तुम्ही मित्राच्या बाइकवर मागे बसलाय. चौकात नाकाबंदी. लायसन्स रूमवर राहिलंय. शब्दाला शब्द वाढतो, हवालदार मित्राच्या दंडाला धरून म्हणतात, ‘चल ठाण्यात.’ मित्र हात झटकतो. एवढंच! पण कागदावर याचं काय होऊ शकतं, माहितीय? ‘शासकीय कामात अडथळा’.

सगळे अजूनही ‘३५३’ म्हणतात ना, तोच हा गुन्हा. भारतीय दंड संहितेत त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून ती पाच वर्षांपर्यंत नेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १३२ मध्ये कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षं आहे. स्वतःच्या अटकेला विरोध करण्याचं कलम वेगळं, २६२. तिथेही दोनच वर्षं. म्हणून पोलिसावर हात उचलल्याची बातमी आली, की ‘शिक्षा वाढवा’ असा सूर लागतो.

हा संताप खोटा नाही. २०१६ मध्ये मुंबईत खारला गाडी अडवणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या डोक्यात दांडका घातला गेला आणि उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. त्या माणसाचं घर उद्ध्वस्त झालं. पण खुनाला जन्मठेप तेव्हाही होतीच की! दांडका उचलणारा कलम आठवत बसत नाही.

मग वाढीव शिक्षेचा भार कुणावर पडतो? हात झटकणाऱ्यावर. अशा केसमध्ये फिर्यादी पोलीस, साक्षीदार बहुतेक वेळा पोलीस आणि तपासही पोलिसांचाच. कलम १३२ अजामीनपात्र आहे, म्हणजे जामिनासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. निकाल लागेपर्यंत पासपोर्ट आणि सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी अडकू शकते. जिथे एका शब्दावरून एवढं बिघडू शकतं, तिथे दोनाची पाच वर्षं करताना दहा वेळा विचार व्हायला हवा.

त्यापेक्षा कायद्यात जे आधीच लिहिलंय ते पाळा ना! अटक करताना पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचं कारण लगेच सांगितलं पाहिजे. साक्षीदाराच्या सहीनिशी अटकेचा पंचनामा हवा. घरी किंवा मित्राला कळवलं पाहिजे. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं पाहिजे. कारण शांतपणे सांगितलं, तर निम्मी झटापट तिथेच संपेल. अंगावर कॅमेरा असेल तर कोण खरं बोलतंय तेही कळेल, आणि त्यात पोलिसाचंही संरक्षण आहे.

आणि दोस्तांनो, आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. अटक चुकीची वाटली तरी हात झटकू नका, पळू नका. नाव वाचा, कारण विचारा, घरी फोन करायला सांगा, वकील मागा. चौकात दाखवलेला जोर कोर्टात आपल्याच विरोधात जातो.

उद्या असं विधेयक पुन्हा आलं, तर आपल्या आमदाराला एवढंच विचारा: ‘शिक्षा पाच वर्षं होती, तेव्हा किती हल्ले थांबले? किती खटल्यांचा निकाल लागला?’ उत्तर आकड्यांत मिळालं, तर पुढचं बोलू.