विदर्भाचा कुमार संघ आणि वऱ्हाडची मुले

मोठ्यांच्या क्रिकेट संघाचा हंगाम कसा गेला, हे करंडकावरून सांगता येते. एकोणीस वर्षांखालील संघाला तोच नियम लावला की हिशेब चुकतो. तेथे आज भरलेल्या रकमेचा परतावा सात-आठ वर्षांनी हाती येतो. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला मुदत ठेवीची उपमा सुचली, तर वाचकांनी ती गोड मानून घ्यावी.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात उतरतो. पुढील साठ वर्षांत तो एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नाही. आमच्या तरुणपणी विदर्भाशी सामना म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना सोपे गुण, असेच समजले जाई. चित्र पालटले ते नागपूरच्या निवासी अकादमीत किशोरवयीन मुलांना एकत्र ठेवून घडविण्यास प्रारंभ झाल्यानंतर. या मुलांची खरी परीक्षा कूचबिहार करंडकात होते. १९४५-४६ पासून शालेय मुलांसाठी असलेली ही स्पर्धा १९८७-८८ पासून एकोणीस वर्षांखालील झाली. सामने अनेक दिवसांचे असल्याने फटकेबाजीपेक्षा धीराचा कस अधिक लागतो.

२०१७-१८ चा हंगाम विदर्भाने सुवर्णाक्षरांत लिहून ठेवावा असा होता. कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध अकोल्याच्या अथर्व तायडेने ३२० धावा काढल्या आणि करंडक विदर्भाकडे आला. त्याच हंगामात मोठ्यांचा संघ इंदूरला दिल्लीविरुद्ध रणजीचा अंतिम सामना खेळला. त्या संघात अकोल्याचाच आदित्य ठाकरे होता. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या या एकोणीस वर्षांच्या मुलाचे प्रथम श्रेणी पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात झाले! १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ विजेता ठरला. त्याच महिन्यात ईशान पोरेल जखमी झाल्याने न्यूझीलंडमधील एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी आदित्यला बोलावणे आले. महिनाभरात अकोल्याचा मुलगा कोठून कोठे गेला, ते पाहा.

ठेवीचा परतावा मात्र त्यानंतर दिसू लागला. अथर्वने २०१८ मध्ये श्रीलंकेतील दोन्ही युवा कसोटींत शतके केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाच्या सामन्यात त्याने १४३ धावा काढल्या. जानेवारी २०२६ मध्ये विदर्भाने प्रथमच विजय हजारे करंडक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात पुन्हा त्याचेच शतक होते. दरम्यान २०१८-१९ आणि २०२४-२५ चे रणजी करंडकही विदर्भाकडे आले. वसीम जाफर, करुण नायर यांच्यासारखे बाहेरचे अनुभवी खेळाडू होते म्हणून हे साधले, असा आक्षेप काही जण घेतात. त्यांचे ऋण मान्यच आहे. तथापि २०२४-२५ च्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम करणारा हर्ष दुबे आणि ९६० धावा करणारा यश राठोड हे विदर्भाचेच आहेत.

सर्वच ठेवी एकाच वेळी पिकत नाहीत. अमरावतीचा जितेश शर्मा २०१४ पासून विदर्भाकडून मर्यादित षटकांचे सामने खेळत होता. भारताकडून पदार्पण घडले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, तिशीच्या उंबरठ्यावर. २०२५ ची आयपीएल जिंकणाऱ्या बंगळूरू संघाचा तो यष्टिरक्षक होता. पुढे तो विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. याचे वाईट वाटते. पण खेळाडूने संधी कोठे शोधावी, हे आपण घरी बसून ठरवू नये.

आता नाण्याची दुसरी बाजू. विदर्भात अकरा जिल्हे, त्यांपैकी पाच आपल्या अमरावती विभागातील. कुमार संघात जागा मात्र जेमतेम पंधरा-सोळा. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. मुलाने नववी-दहावीतच घर सोडायचे, की सुट्टीपुरते जायचे, हा पेच अनेक घरांत पडतो. सोळा वर्षांखालील गटात मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढतात. जन्मदाखला अस्सल असूनही शरीराने लवकर वाढलेला मुलगा त्या चाचणीत बाद होऊ शकतो. वयोमर्यादा ओलांडली की कुमार संघाचे दार आपोआप बंद होते आणि पुढच्या दारापाशी मोठ्यांची रांग असते. दहावी-बारावीच्या परीक्षा सोडून मुलाला मैदानावर धाडणे म्हणूनच मला मान्य नाही. परीक्षा आटोपून धाडावे.

बँकेत बंद झालेल्या खात्यांचीही नोंद ठेवावी लागते. विदर्भाच्या कुमार संघातून गेल्या वीस वर्षांत वयोमर्यादेमुळे बाहेर पडलेली मुले आज काय करतात, कोण शिकले, कोण नोकरीला लागले, कोण प्रशिक्षक झाले, याची जिल्हावार यादी क्रिकेट संघटनेने प्रसिद्ध करावी. मुलाची बॅग भरण्यापूर्वी अकोल्यातील एखाद्या पित्याला ती वाचता येईल.