एका कमाईचं घर

जुम्म्याच्या बयानात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : बायका कमवायला लागल्या आणि घरातली बरकत उठली. मालेगावात तरी हे वाक्य बोलू नये. इथल्या बायका कमवत नव्हत्या कधी? ज्या मोहल्ल्यात लूमची खडखड आहे, तिथं उंबऱ्याच्या आत बसून कांड्या भरणाऱ्या, कापडाचे सुटे धागे कापणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बाया पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांच्या कामाला फक्त काम म्हटलं जात नाही. शाळेच्या अर्जात आईचा व्यवसाय 'घरकाम'!

शरीयतनं घर चालवण्याची जबाबदारी पुरुषावर टाकली आणि बायकोची कमाई तिच्या मालकीची ठेवली. मान्य. मग बारा तास लूमवर उभं राहणाऱ्याला ती जबाबदारी पेलण्याइतकी मजुरी मिळते का, हा सवाल मिंबरवरून सेठला कोण विचारणार? पहिल्या सफेत सेठच बसलेले असतात.

आणि सरकार? 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचा हिशेब स्पष्ट मांडला होता. एका कमावणाऱ्यामागे तीन प्रौढांइतका खर्च धरा, बायकोची आणि मुलांची कमाई त्यात मोजू नका. प्रत्येकी 2,700 उष्मांकांचं अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, इंधन. पुढे 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले. म्हणजे एकाच्या कमाईवर घर चालावं, हे कुणा मौलानाचं स्वप्न नव्हे. ते देशानं कागदावर मान्य केलेलं माप आहे. 2019 मध्ये केंद्राच्याच तज्ज्ञ समितीनं रोजी 375 रुपये सुचवले. त्याच वर्षी केंद्रानं देशपातळीवरचा किमान दर 176 वरून 178 केला. दोन रुपये! कटिंग चहासुद्धा येत नाही.

शिकलेल्यांची गत निराळी नाही. बी.एड. झालेला माध्यमिक शिक्षणसेवक 2023 मध्ये मानधन 18,000 होईपर्यंत महिना 8,000 रुपयांत दिवस काढत होता. त्याच्या घरी शिकवण्या कोण घेत होतं, विचारा.

मजुरी कमी पडते तेव्हा उरलेली भर आई घालते, आणि आईचीही पुरत नाही तेव्हा नववीतला मुलगा. 2016 ची नोटबंदी, 2017 चा जीएसटी, 2020 चं लॉकडाऊन, दर धक्क्याला लूम थांबले आणि वर्गातले बाक रिकामे झाले. "सर, एक के हाथ से घर नहीं चलता," असं बाप सांगतो, तेव्हा आम्ही त्याला शिक्षणाचं महत्त्व पटवत बसतो. त्याला ते आपल्याहून जास्त पटलेलं असतं. तीन माणसं राबून एकाची मजुरी मिळते आणि मालकाला ती स्वस्त पडते, हा खरा हिशेब आहे.

मजुरीवाढीच्या बैठकांना संघटना येतात, मालक येतात, अधिकारी येतात. कांडी भरणारी नसते. तिचा दर ठरवतो घरी सूत आणून टाकणारा माणूस, आणि तो सांगेल तो.